वॉर्निंग शून्यावर आणायच्या की भोकं बुजवायची?

ताई, नमस्कार. मला नोकरीला दोन वर्षं झालीत. आमचं नेटवर्कवरून डेटा घेणारं एक छोटं डिव्हाइस आहे, त्याचं फर्मवेअर (डिव्हाइस चालवणारा आतला प्रोग्राम) सगळं सी भाषेत, साधारण ६० हजार ओळी, बरंचसं मी यायच्या आधीचं आणि ज्यांनी लिहिलं ते आता इथे नाहीत. सिक्युरिटी ऑडिट येणार म्हणून मॅनेजर म्हणाले की स्टॅटिक ॲनालिसिस, म्हणजे कोड न चालवता नुसता वाचून संशयास्पद जागी वॉर्निंग देणारं टूल, चालव आणि महिनाअखेर वॉर्निंग शून्यावर आण. पहिल्यांदा चालवलं तर २,१४० आल्या. मी यादीच्या वरून सुरुवात केली, जिथे साइन कन्व्हर्जनची (चिन्ह असलेला आकडा बिनचिन्हाच्या जागी जाण्याची) वॉर्निंग होती तिथे कास्ट टाकला, म्हणजे टाइप मुद्दाम बदलतेय असं कोडमध्ये लिहिलं, अशा ३१० गेल्या. आता स्ट्रिंग कॉपी करणाऱ्या सगळ्या स्ट्रकॉपी काढून लांबीची मर्यादा घेणारं स्ट्रएनकॉपी करायचं ठरवलंय. आमचे सीनियर म्हणतात हे सगळं फॉल्स पॉझिटिव्ह (टूलचा खोटा इशारा) आहे, दहा वर्षं डिव्हाइस चालतंय, वेळ घालवू नकोस. ते बरोबर असतील तर मी उगाच घाबरतेय, आणि चूक असतील तर माझ्या हातून काहीतरी निसटतंय. यातलं खरं धोक्याचं काय ते ओळखायचं कसं? मी केलेल्या एका बदलाचा नमुना सोबत पाठवतेय.
— वॉर्निंगांनी हैराण

अगं हैराण, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि नमुना चारदा, आणि सगळ्यात आधी त्या नमुन्याबद्दलच बोलते कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच पाठवलंयस. तू उगाच घाबरत नाहीयेस. तू पाठवलेल्या त्या सात ओळींत खरंखुरं भोक आहे, टूलने ते तुला दाखवलं होतं, आणि तू कास्ट टाकलास तेव्हा भोक तिथेच राहिलं, फक्त दाखवणारा गप्प झाला. हे वाचून खचू नकोस, हे जवळपास प्रत्येकाच्या हातून होतं, माझ्याही झालंय, आणि तू तो बदल कोणालातरी दाखवावासा वाटून पाठवलास हेच महत्त्वाचं.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तो तुकडा शब्दांत सांगते. पॅकेट आलं की त्याच्या पहिल्या दोन बाइटमधून नावाची लांबी काढली जाते आणि ती एका शॉर्ट व्हेरिएबलमध्ये ठेवली जाते. पुढे चेक आहे की लांबी २५६ पेक्षा जास्त असेल तर परत फिरायचं. मग मेमकॉपीने, म्हणजे बाइट कॉपी करणाऱ्या फंक्शनने, तेवढे बाइट २५६ बाइटच्या बफरमध्ये (मेमरीतल्या ठरलेल्या मापाच्या जागेत) उचलले जातात. वाचताना सगळं नीटनेटकं दिसतं, चेक आहे, बफर आहे, चेकमधला आकडा आणि बफरचा आकडा सारखाच आहे. आता समज पाठवणाऱ्याने ते दोन्ही बाइट पूर्ण भरून पाठवले, म्हणजे २५५ आणि २५५, तर लांबी होते ६५,५३५, पण शॉर्टमध्ये चिन्ह असतं म्हणून तिथे ती बसते उणे १ होऊन. उणे १ हे २५६ पेक्षा जास्त आहे का? नाही. चेक पास. आणि मेमकॉपीला लांबी हवी असते बिनचिन्हाची, तर तुमच्या ३२ बिट डिव्हाइसवर ते उणे १ जातं ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ होऊन. बहुतेक वेळा डिव्हाइस जागच्या जागी कोसळेल, म्हणजे ज्याला त्या पोर्टपर्यंत पोचता येतं तो एका पॅकेटमध्ये तुमचं डिव्हाइस पाडू शकतो.

टूल नेमकं हेच म्हणत होतं, की इथे चिन्ह असलेला आकडा बिनचिन्हाच्या जागी जातोय. तू पुढे साइझ टी (लांबीसाठीचा बिनचिन्हाचा टाइप) चा कास्ट लावलास, त्याचा अर्थ कंपायलरच्या दृष्टीने असा की मला माहितीये, मुद्दाम करतेय. मशीन कोड आधी होता तोच राहिला, एक बाइटही बदलला नाही, फक्त यानंतर ती ओळ कुठल्याच यादीत येणार नाही. म्हणून मला तुझ्या उरलेल्या १,८३० वॉर्निंगांपेक्षा त्या गेलेल्या ३१० ची जास्त काळजी वाटते.

एक गंमतशीर बारकावा आहे तो पण बघून ठेव, कारण तुमच्या कोडमध्ये दोन्ही प्रकार असणार. तोच चेक जर २५६ आकड्याशी न करता बफरच्या साइझऑफशी (सी मध्ये माप सांगणारा ऑपरेटर) केला असता तर उणे १ पकडलं गेलं असतं, कारण साइझऑफ बिनचिन्हाचं असतं आणि तुलना करताना उणे १ चं आधीच अवाढव्य आकड्यात रूपांतर होतं, मग तो २५६ पेक्षा जास्त ठरतो आणि फंक्शन परत फिरतं. म्हणजे दिसायला जवळपास सारख्याच दोन ओळी, एक योगायोगाने वाचली आणि एक उघडी पडली. म्हणून सीनियर जेव्हा म्हणतात की अशाच वॉर्निंगा दुसऱ्या फाइलमध्ये बघितल्या आणि काही निघालं नाही, तेव्हा ते खोटं बोलत नसतात, त्यांनी बघितलेली जागा खरंच ठीक असू शकते. पण त्यावरून या जागेबद्दल काही कळत नाही.

दुरुस्ती काय तर लांबी बिनचिन्हाच्या १६ बिट टाइपमध्ये घे, चेक बफरच्या साइझऑफशी कर, आणि अजून एक चेक घाल जो तू पाठवलेल्या ओळींत दिसला नाही, की पॅकेटमध्ये खरंच तेवढे बाइट आलेत का. नेटवर्कवरून आलेल्या लांबीला नेहमी दोन प्रश्न विचारायचे असतात, जिथे टाकतोय तिथे तेवढी जागा आहे का आणि जिथून उचलतोय तिथे तेवढा माल आहे का. पहिला प्रश्न बहुतेक जण विचारतात. दुसरा राहून जातो, आणि तो राहिला की काय होतं ते हार्टब्लीड नावाच्या दोषाने सगळ्या जगाला दाखवलं. ओपनएसएसएल या नेटवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणाऱ्या लायब्ररीच्या मार्च २०१२ ला आलेल्या आवृत्तीत तो कोड होता आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं, म्हणजे दोन वर्षं सगळ्यांसमोर उघडा पडलेला सोर्स. समोरचा सांगायचा मी ६४ केबी पाठवतोय, पाठवायचा मात्र एखाद दुसरा बाइट, आणि सर्व्हर सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवून स्वतःच्या मेमरीतलं आजूबाजूचं जे असेल ते भरून परत पाठवायचा, त्यात पासवर्ड, एन्क्रिप्शनच्या कीज, काहीही.

हार्टब्लीड मी अजून एका कारणासाठी काढलं. तेव्हा प्रसिद्ध असलेल्या स्टॅटिक ॲनालिसिस टूल्सनी ते पकडलं नव्हतं. लांबी बाहेरून आलीये हेच टूलला कळत नव्हतं, कारण मधे इतके पॉइंटर (मेमरीतल्या जागेचे पत्ते) आणि इतके रस्ते होते की माग सुटायचा. मग कव्हेरिटी या स्टॅटिक ॲनालिसिस टूलच्या लोकांनी एक साधी पण फार हुशार खूण शोधली: ज्या आकड्याचे बाइट उलटेपालटे करून तो वाचला जातोय, तो आकडा बहुतेक नेटवर्कवरूनच आलेला असणार, नाहीतर बाइट उलटायची गरजच काय? तो आकडा संशयित धरला आणि हार्टब्लीडची जागा टूलला दिसायला लागली.

ही खूण तू आज हाताने वापर. तुमच्या ६० हजार ओळींत नेटवर्कवरच्या आकड्याचे बाइट उलटणारी एनटोएचएस आणि एनटोएचएल शोध, आठने डावीकडे शिफ्ट केलेलं शोध, जिथे दोन किंवा चार बाइट जोडून आकडा बनवलाय ते सगळं शोध. मग रिसीव्ह, रीड, सीरियल पोर्ट वाचणारं फंक्शन, कॉन्फिग फाइल उघडणारं, अपडेटची इमेज वाचणारं, जे काही डिव्हाइसच्या बाहेरून आत येतं ती सगळी दारं. कागदावर यादी कर. दहा-पंधरा निघतील, फार तर पंचवीस. या दारांतून आलेला डेटा जिथपर्यंत पोचतो तेवढ्या फंक्शन्समधल्या वॉर्निंगा आधी, बाकीच्या सगळ्या नंतर. यादीच्या वरून खाली जायचं सोड, कारण टूलची यादी बहुतेक वेळा फाइलच्या नावाने लागलेली असते, धोक्याने नाही, आणि माणसाचं लक्ष पहिल्या शंभर वॉर्निंगांत संपतं हे मी इतक्यांदा बघितलंय की पहिले शंभर कुठले असावेत हे आपणच ठरवलेलं बरं.

त्या निवडक ढिगात पण क्रम लाव. बफरच्या बाहेर लिहिणं, बाहेरून आलेला आकडा ॲरेचा इंडेक्स होणं, फ्री केलेली मेमरी परत वापरणं, आणि मॅलॉकच्या (मेमरी मागणाऱ्या फंक्शनच्या) कंसातला गुणाकार, हे आधी. शेवटच्यावर लोक सहसा थांबत नाहीत म्हणून आकड्यात सांगते. समज पॅकेटमध्ये रेकॉर्डची संख्या येते, चार बाइटची, आणि प्रत्येक रेकॉर्ड १६ बाइटचा, तर कोड म्हणतो संख्या गुणिले १६ एवढं मॅलॉक कर. पाठवणाऱ्याने संख्या दिली २६ कोटी ८४ लाख ३५ हजार ४५७. ३२ बिटमध्ये याचा १६ शी गुणाकार येतो १६. फक्त १६ बाइट मिळतात, मॅलॉक यशस्वी होतं, नल चेक (मेमरी मिळाली का ते बघणं) पण पास होतो, आणि पुढचा लूप बसतो कोट्यवधी रेकॉर्ड लिहीत. गुणाकार करायच्या आधी भागाकाराने बघायचं की संख्या ही कमाल आकडा भागिले १६ यापेक्षा मोठी तर नाही, आणि खरं तर त्याहून आधी बघायचं की तुमच्या प्रोटोकॉलमध्ये एवढे रेकॉर्ड असूच कसे शकतात, जे काही शेकड्यात असायचं त्याला शेकड्यातच अडव.

न वापरलेली व्हेरिएबल्स, न पोचणाऱ्या ओळी, या वॉर्निंगा शेवटी, पण टाकून देऊ नकोस. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलने जो टीएलएस (सुरक्षित कनेक्शनचा प्रोटोकॉल) मधला दोष दुरुस्त केला त्याचं मूळ एक दोनदा टाइप झालेली गोटू फेल (मधलं सोडून सरळ शेवटाकडे उडी मार) ही ओळ होती, दुसरी गोटू कुठल्याच इफच्या आत नव्हती, त्यामुळे पुढचा सही तपासायचा कोड कधी चालायचाच नाही. न पोचणाऱ्या कोडची वॉर्निंग चालू असती तर दिसलं असतं. पुढे जीसीसी कंपायलरच्या ६ व्या आवृत्तीपासून फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंगच आली आणि ती डब्ल्यू-ऑल या नेहमीच्या वॉर्निंगांच्या गटात असते.

आता स्ट्रकॉपीचं. कृपा करून ते सरसकट बदलू नकोस, निदान एवढं थांब. स्ट्रएनकॉपी हे स्ट्रकॉपीचं सुरक्षित भावंड आहे असा समज फार पसरलाय आणि तो चुकीचा आहे. ते मुळात ठरावीक रुंदीच्या फील्डसाठी बनलेलं आहे, सोर्स लहान असला तर उरलेली जागा शून्यांनी भरतं, आणि सोर्स मोठा किंवा बरोबर तेवढाच असला तर शेवटचं शून्य घालतच नाही. मग ती स्ट्रिंग पुढे कोणी प्रिंट केली किंवा तिची लांबी मोजली की वाचणारा बफरच्या पलीकडे चालत राहतो. म्हणजे लिहिण्याचं भोक बुजवून तू वाचण्याचं भोक पाडलंस, आणि ते शोधायला जास्त कठीण. त्याहून वाईट म्हणजे घाईत लोक तिसरा पॅरामीटर म्हणून सोर्सचीच लांबी देतात, मग तर ते सरळ स्ट्रकॉपीच झालं, वर शेवटचं शून्य पण गेलं. फॉरमॅट म्हणून टक्के एस देऊन एसएनप्रिंटएफ वापर, ते नेहमी शून्य घालून थांबतं, आणि त्याची रिटर्न व्हॅल्यू डेस्टिनेशनच्या साइझएवढी किंवा जास्त आली तर समज की कापलं गेलं. स्ट्रएलकॉपी असेल तर तेही चालेल, जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीत ते २०२३ च्या २.३८ पासून आलंय, इतर काही लायब्रऱ्यांत बरंच आधीपासून आहे. पण कापलं गेल्यावर काय करायचं ते ठरवावंच लागतं, फाइलचं नाव अर्धं कापून दुसरीच फाइल उघडली तर तोही घोळच. आणि ज्या स्ट्रकॉपीत सोर्स हा कोडमध्येच लिहिलेला ठरावीक शब्द आहे आणि बफर मोठा आहे, तिथे आज हातच लावू नकोस.

टूल गप्प करण्यासाठी कोड बदलण्याचा धोका किती मोठा असतो याची एक गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये असंच झालं. व्हॅलग्राइंड म्हणून टूल आहे, ते स्टॅटिक नाही, प्रोग्राम चालू असताना बघतं, पण मुद्दा तोच. ते तक्रार करत होतं की रँडम नंबरच्या कोडमध्ये न भरलेली मेमरी वाचली जातेय. तक्रार खरी होती, एका जागी तसं मुद्दाम केलेलं होतं आणि ती ओळ काढली असती तरी फारसं बिघडलं नसतं. पण तशीच दिसणारी दुसरी ओळ पण काढली गेली, आणि ती होती यादृच्छिक माहिती आत मिसळणारी मुख्य ओळ. वॉर्निंग गेली. रँडमपणात उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामला मिळणारा नंबर), जो त्यावेळी फार तर ३२,७६८ पर्यंत जायचा. मे २००८ पर्यंत, जवळपास दोन वर्षं, त्या मशिनींवर बनलेल्या कीज अंदाजाने काढता येतील इतक्या थोड्या होत्या, आणि जगभर लोकांना त्या शोधून बदलाव्या लागल्या. ज्याने ओळी काढल्या त्याचा हेतू चांगलाच होता, त्याने विचारलं पण होतं. म्हणून तुला सांगते की वॉर्निंग आली की ती एक प्रश्न म्हणून वाच, हा आकडा उणे असू शकतो का, हा पॉइंटर इथे नल असू शकतो का, आणि कोड वाचून त्याचं हो किंवा नाही असं उत्तर लिही, का ते एका ओळीत. उत्तर हो आलं तर कारण दुरुस्त कर. नाही आलं तर ती एकच वॉर्निंग त्या एकाच ओळीवर बंद कर, शेजारी कारण आणि तुझं नाव, आणि दुसऱ्या कोणाला तरी दाखवून. पूर्ण फाइलवर किंवा पूर्ण प्रकारावर बंदी घालायची नाही. उत्तर देताच आलं नाही तर ती उघडी राहू दे, महिनाअखेर असो वा नसो.

सीनियरांच्या म्हणण्याबद्दल. फॉल्स पॉझिटिव्ह असतातच, त्यात ते चूक नाहीत. कुठलाही प्रोग्राम काय काय करेल हे आधीच अचूक सांगणारं टूल बनूच शकत नाही, हे गणिताने सिद्ध झालंय, राइसचं प्रमेय १९५३ चं आहे. त्यामुळे प्रत्येक टूलला निवड करावी लागते, थोडं चुकून ओरडायचं की थोडं सुटू द्यायचं. रोजच्या वापरातली बहुतेक टूल्स दोन्ही थोडं थोडं करतात. विमानाच्या कंट्रोल सॉफ्टवेअरसाठी एकही रनटाइम चूक सुटणार नाही असं दाखवणारी टूल्स आहेत, ॲस्ट्रे त्यातलं, एअरबससाठी वापरलं गेलं, पण तो कोड त्यासाठी बेताने लिहिलेला असतो, डायनॅमिक मेमरीशिवाय, तुमच्या वारशाने आलेल्या कोडवर तशी अपेक्षा नको.

पण दहा वर्षं चालतंय हा युक्तिवाद सिक्युरिटीत लागू पडत नाही. दहा वर्षं चालतंय म्हणजे दहा वर्षं सरळ माणसांनी सरळ पॅकेट पाठवली. २५५ आणि २५५ कोणी मुद्दाम पाठवलं नाही एवढंच त्यातून कळतं. आणि नल चेकच्या वॉर्निंगांवर सीनियर म्हणाले, की चेक तर आहे ना मग टूल कशाला ओरडतं, तर तिथे चेक कुठे आहे ते बघ. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या टन या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये चेक होता, पण पॉइंटर वापरल्यानंतरच्या ओळीवर. कंपायलरने विचार केला की वापरलाय म्हणजे नल नसणारच, आणि चेकच काढून टाकला. सोर्समध्ये चेक दिसत होता आणि चालणाऱ्या कोडमध्ये तो नव्हता, आणि त्याचा वापर करून मशीनचा ताबा घेता येतो हे लोकांनी करून दाखवलं. त्यानंतर कर्नल असे चेक न काढण्याच्या फ्लॅगने कंपाइल व्हायला लागलं.

त्यांच्याशी वाद घालू नकोस, दाखव. ते पॅकेट वाचणारं फंक्शन वेगळं काढ, लॅपटॉपवर ॲड्रेस सॅनिटायझर (प्रोग्राम चालू असताना मेमरीच्या चुका पकडणारा) लावून कंपाइल कर, जीसीसी आणि क्लँग दोन्ही कंपायलरांत तो एका फ्लॅगवर मिळतो, आणि वीस ओळींची टेस्ट लिही जी २५५, २५५ ने सुरू होणारं पॅकेट त्याला देते. तो लगेच थांबून सांगेल की मेमकॉपीला उणे साइझ मिळाली, ओळ नंबरासकट. दहा वर्षं कोड सांभाळलेल्या माणसाला हे समोर दिसलं की तो तुझ्या बाजूने येतो, कारण त्याचं त्या कोडवर प्रेम असतं, आणि पुढच्या शंभर जागा कुठे असतील हे त्याच्या इतकं कोणालाच माहीत नसतं. ती टेस्ट नंतर रेपोमध्येच राहू दे. पुढे त्याच फंक्शनवर फझर पण लावता येईल, जे तुला सुचणार नाहीत ते आकडे तो टाकून बघतो.

टूल चालवण्याबद्दल थोडं, कारण तुझ्या पत्रातून वाटलं की तू फोल्डर दाखवलास आणि चालवलंस. टूलला तुमच्या बिल्डमधले मॅक्रो आणि हेडरचे रस्ते मिळाले का ते आधी बघ. मिळाले नाहीत तर अर्धा कोड त्याला दिसतच नाही आणि ते शांतपणे उरलेल्या अर्ध्यावर रिपोर्ट देतं. सीपीपीचेकला कंपाइल कमांड्सची फाइल देता येते, क्लँगचं स्कॅन-बिल्ड तर बिल्डच्याच सोबत चालतं. जीसीसी १० पासून कंपायलरमध्येच एफ-ॲनालायझर हा स्टॅटिक ॲनालिसिसचा पर्याय आलाय. निदान दोन वेगवेगळी टूल्स चालव, दोघांना दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. आणि लक्षात ठेव की यातली बहुतेक टूल्स साध्या सेटिंगवर एका वेळी एकच फाइल बघतात, दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन नल परत देऊ शकतं हे त्यांना ठाऊक नसतं. साइन कन्व्हर्जनची वॉर्निंग डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रात येत नाही, ती वेगळी मागावी लागते, तुमच्याकडे ती कोणीतरी चालू करून ठेवली होती त्या माणसाचे आभार.

एक छोटं काम आहे ज्याला दहा मिनिटं लागतात आणि त्यातून खूप निघतं. तुमचं स्वतःचं लॉग फंक्शन असणार, प्रिंटएफसारखं, पण कंपायलरला माहीत नाही की ते प्रिंटएफसारखं आहे. त्याच्या डिक्लेरेशनवर फॉरमॅटचं ॲट्रिब्यूट लाव आणि फॉरमॅट सिक्युरिटीची वॉर्निंग चालू कर. मग जिथे जिथे बाहेरून आलेली स्ट्रिंग थेट फॉरमॅटच्या जागी दिलीये तिथे तिथे कंपायलर बोलेल. तशा जागी कोणी टक्के एक्स घातलेलं नाव पाठवलं तर तुमचं लॉग स्टॅकमधले आकडे छापायला लागतं, आणि टक्के एन घातलं तर ते मेमरीत लिहू शकतं.

आता हे केल्यावर तुझ्या वॉर्निंगा वाढतील, आणि इथे मॅनेजरांशी बोलणं आलं. आकडा वाढायच्या आधीच जाऊन बोल, वाढल्यावर नको. सांग की शून्याचं टार्गेट ठेवलं तर शून्य येईल, पण कास्ट आणि बंदी घालून येईल, आणि ऑडिटला येणारा माणूस पहिल्यांदा तेच उघडून बघेल. त्याऐवजी दुसरा आकडा दे, बाहेरून डेटा येणारी इतकी दारं, त्यातली इतकी पूर्ण वाचून झाली, इतकी भोकं सापडली, इतकी दुरुस्त, इतक्यांची टेस्ट आहे. सोबत आजची जुनी यादी गोठवून ठेवा आणि सीआय (प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) मध्ये असं लावा की नवीन वॉर्निंग आली की मर्ज होणार नाही, म्हणजे ढीग वाढायचा तरी थांबतो. आणि बाहेर विकलेल्या डिव्हाइसमध्ये हे भोक आहे ही गोष्ट तुझ्या एकटीच्या डोक्यात ठेवू नकोस, लेखी कळव, अपडेट कधी पाठवायचा हा निर्णय त्यांचा आहे पण त्यांना तो घेता आला पाहिजे. उघड्यावर कुठे लिहू नकोस, दुरुस्ती पोचेपर्यंत.

माझं स्वतःचं सांगते. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये मी वॉर्निंगांची अख्खी एक फाइल तीन दिवसांत साफ केली होती आणि मला कौतुक पण मिळालं होतं. सहा महिन्यांनी त्याच फाइलमधून क्रॅश आला, आणि गिटमध्ये बघितलं तर त्या ओळीवर माझाच कास्ट, कमिट मेसेज होता वॉर्निंग फिक्स. टूलने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, ते अजून लागतं. म्हणून तुझ्या त्या ३१० बद्दल मी इतकं बोलतेय.

तर उद्या सकाळी सुरुवात तिथूनच कर. ते कमिट परत उलटव, सगळे ३१० परत येऊ देत, मॅनेजरांना आधी सांगून. त्यातले जे पॅकेट वाचणाऱ्या फाइल्समध्ये आहेत तेवढे वेगळे काढ, आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी विचार, हा आकडा कुठून आला आणि तो उणे होऊ शकतो का. पहिले दहा झाले की मला लिही, विशेषतः ज्यांचं उत्तर देता आलं नाही ते पाठव, आपण सोबत बसून वाचू.